टीकेतून अभ्यासाकडे

माणसाला त्याची भाषा, त्याचे घर आणि त्याचा धर्म या गोष्टी बहुधा जन्माबरोबरच मिळतात. त्यांपैकी एकही त्याने पारखून घेतलेली नसते. सणाच्या दिवशी काय करावे, प्रार्थनेच्या वेळी कसे बसावे, कोणता दिवस उपवासाचा मानावा, हे आपणास कोणी आणि केव्हा शिकवले, ते बहुतेकांना आठवतही नाही. या सहजपणात धर्माचे बळ आहे आणि त्याचा दुबळेपणाही आहे. संकटाच्या वेळी माणूस विचार न करताही ज्याचा आधार घेतो, तो धर्म त्याच्या अगदी जवळचा असतो, हे त्याचे बळ. परंतु एखाद्या परक्या माणसाने 'तुमच्या धर्मात असे का?' एवढे साधे विचारले, तरी त्याला उत्तर सुचत नाही, हा त्याचा दुबळेपणा.

अशा प्रश्नापुढे माणसे दोन प्रकारे वागताना दिसतात. कोणाला राग येतो, तर कोणाला शरम वाटते. ज्याला राग येतो, तो प्रश्न विचारणाऱ्याचा शत्रू बनतो. ज्याला शरम वाटते, तो आपल्याकडचे बरे-वाईट सगळेच टाकून द्यायला निघतो. दोघांच्याही हातून एक गोष्ट राहून जाते; ती म्हणजे प्रश्नाचे उत्तर शोधणे. हे शोधण्याचे काम कष्टाचे असते. त्यासाठी ग्रंथ उघडावे लागतात, दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे लागते आणि आपले म्हणणे चुकीचे ठरण्याची तयारीही ठेवावी लागते. म्हणूनच या तिसऱ्या वाटेने जाणारे थोडे असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास शहरात, म्हणजे १९९६ पासून ज्याला चेन्नई म्हणतात त्या शहरात, एक विद्यार्थी या वाटेने गेला. त्याचे नाव सर्वपल्ली राधाकृष्णन.

राधाकृष्णन हे नाव घेताच भारताचे राष्ट्रपती आणि ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन आठवतो. पण येथे विचार करावयाचा आहे तो राष्ट्रपतींचा नव्हे, तर गोंधळलेल्या आणि दुखावलेल्या एका तरुणाचा. त्यांचा जन्म १८८८ मध्ये तिरुत्तणी येथे झाला. हे गाव तीर्थक्षेत्र आहे. घरची परिस्थिती बेताची होती, वातावरण परंपरेने चालत आलेल्या श्रद्धेचे होते. वयाच्या आठव्या वर्षापासून मात्र त्यांचे शिक्षण ख्रिस्ती मिशनच्या संस्थांत झाले. आधी तिरुपती, नंतर वेल्लोर आणि १९०४ पासून मद्रास ख्रिश्चन कॉलेज, अशी ही सुमारे बारा वर्षे होती. तत्त्वज्ञान हा विषयदेखील त्यांनी मोठ्या विचाराने निवडला नव्हता. त्याच महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या एका नातलगाने आपली तत्त्वज्ञानाची पुस्तके त्यांना दिली. पुस्तके विकत घेण्याचा खर्च वाचला आणि विषय ठरून गेला. गरिबीने केलेली ही निवड पुढे त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरली.

या महाविद्यालयात शिक्षण उत्तम मिळत होते, परंतु त्याबरोबर एक बोचणीही मिळत होती. हिंदू विचारांवर तेथे उघडपणे टीका होई. त्या काळातील अनेक ख्रिस्ती लेखकांचा मुख्य आक्षेप असा होता की, वेदान्त जर जगाला माया म्हणतो, तर चांगले आणि वाईट यांतला फरक तरी खरा कसा मानावा? जे जगच खरे नाही, त्यात नीतीने वागण्याची गरज काय? कर्माच्या सिद्धान्तावरही असाच आक्षेप घेतला जाई. माणसाचे दुःख जर त्याच्याच पूर्वकर्माचे फळ असेल, तर त्याच्यावर दया तरी का करावी? हे आक्षेप पोरकट नव्हते. घरी ऐकलेल्या कथा आणि पाठ केलेली स्तोत्रे यांच्या बळावर त्यांना उत्तर देता येण्यासारखे नव्हते. आपली श्रद्धा या टीकेने हादरली, तिने आपला अभिमान दुखावला आणि त्यामुळेच हिंदू धर्मात जिवंत काय आहे व मृत काय आहे याचा शोध घेणे आपणास भाग पडले, अशा आशयाचे राधाकृष्णन यांनी पुढे आपल्या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. स्वामी विवेकानंदांच्या भाषणांनी त्यांच्या मनाला त्या वेळी उभारी दिली. परंतु उभारी म्हणजे उत्तर नव्हे, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

उत्तर त्यांनी प्रबंधाच्या रूपाने दिले. एम. ए. च्या परीक्षेसाठी त्यांनी वेदान्तातील नीतिविचार हाच विषय घेतला. हा प्रबंध १९०८ मध्ये तयार झाला. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. ज्या प्राध्यापकांच्या हाती तो पडणार होता, त्या ए. जी. हॉग यांनी स्वतः कर्मसिद्धान्तावर टीकात्मक लेखन केले होते. आपला विषय पाहून गुरुजी नाराज होतील, अशी धास्ती राधाकृष्णन यांना वाटत होती. झाले ते उलटच. गुंतागुंतीचा युक्तिवाद सहजपणे हाताळण्याचे सामर्थ्य या विद्यार्थ्यात आहे, अशी हॉग यांनी त्याची वाखाणणी केली.

या प्रसंगात दोन माणसांचा मोठेपणा आहे. विद्यार्थ्याने टीकेला शिवीगाळीने उत्तर दिले नाही. त्याने टीकाकाराचीच तर्काची भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेत आपले म्हणणे मांडले. शिक्षकाने आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या लेखनाचे मूल्य नाकारले नाही. हॉग ख्रिस्ती धर्माचे निष्ठावान उपासक होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. तरीही पुढे १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे जगभरच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली, तेव्हा तिच्या निमित्ताने झालेल्या चर्चेत त्यांनी एक वेगळी भूमिका घेतली. ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या श्रद्धेतही देवाशी खरे नाते असू शकते, ही ती भूमिका. अनेक वर्षे भारतीय विद्यार्थ्यांच्या सहवासात घालवलेल्या शिक्षकाची ही भूमिका होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अभ्यास प्रामाणिक असेल, तर तो शिकणाऱ्याप्रमाणे शिकवणाऱ्यालाही घडवतो.

राधाकृष्णन यांचा शोध येथे थांबला नाही. १९०९ मध्ये ते मद्रासच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये अध्यापक झाले. १९३६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्र या विषयाचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. ज्याला आपल्या धर्मावरील टीका निमूटपणे ऐकावी लागली होती, तोच आता टीकाकारांच्या देशात पूर्वेकडील धर्म शिकवू लागला. त्यांनी गीतेप्रमाणेच बौद्धांच्या धम्मपदाचेही भाषांतर केले. आपल्या धर्माच्या बचावासाठी उचललेला ग्रंथ दुसऱ्यांच्या धर्माकडेही घेऊन जातो, याची ही खूण आहे. आपल्या घराचा पाया कसा आहे हे जो खणून पाहतो, त्याला शेजारच्या घराचा पायाही त्याच जमिनीत असल्याचे दिसते.

मात्र ही हकिगत येथेच संपवली, तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. त्या काळच्या मद्रासमध्ये धर्माविषयी प्रश्न विचारणारे राधाकृष्णन हे एकटे नव्हते आणि सर्वांचे प्रश्न एकसारखेही नव्हते. १९०७ हे एकच वर्ष पाहावे. त्या वर्षी अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षपदी ॲनी बेझंट यांची निवड झाली. ही संस्था १८८२ पासून तेथे होती. सर्व धर्मांच्या तौलनिक अभ्यासाला उत्तेजन देणे, हा तिचा एक घोषित उद्देश होता. १८८६ मध्ये तिने स्थापन केलेल्या ग्रंथालयात निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ आणि हस्तलिखिते जमा होत गेली. त्याच वर्षी, १९०७ मध्ये, मद्रासचे विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी अयोतीदास पंडितर यांनी आपले तमिळ साप्ताहिक सुरू केले.

अयोतीदास यांची वाट राधाकृष्णन यांच्याहून वेगळी होती. ज्यांना गावाबाहेर राहावे लागे आणि देवळात पाऊल ठेवता येत नसे, त्या समाजात त्यांचा जन्म झाला होता. हिंदू धर्मावरील टीका त्यांनी परक्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. ती त्यांनी रोजच्या जगण्यात भोगली होती. त्यामुळे 'या धर्माचा बचाव कसा करावा?' हा त्यांचा प्रश्न नव्हताच. 'ज्या धर्मात मला स्थान नाही, तो माझा धर्म कसा?' हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी जुने तमिळ वाङ्मय धुंडाळले. आपले पूर्वज बौद्ध होते, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. १८९८ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कट यांच्या मदतीने ते श्रीलंकेला गेले, तेथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि परतल्यावर मद्रासमध्ये बौद्ध संस्था उभारली. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळात, दोन माणसे जुने ग्रंथ उघडून बसली होती. एक आपल्या घरातच राहून त्या घराची डागडुजी करू पाहत होता. दुसरा आपले हरवलेले घर शोधत होता. दोघांची साधने सारखीच होती, ती म्हणजे वाचन आणि विचार. दोघांची उत्तरे मात्र भिन्न होती.

मद्रासमधला हा धागा पुढे महाराष्ट्राशी येऊन मिळतो. तेच १९०७ साल मुंबईतही महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच्या यशाबद्दल जी सभा झाली, त्या निमित्ताने कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. मुलाच्या हाती पडलेल्या त्या एका पुस्तकाचा प्रवास फार दूरवर गेला. १९३५ मध्ये येवले येथे डॉ. आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशा अर्थाची घोषणा केली. पण त्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा धर्म स्वीकारला नाही. पुढची तब्बल २१ वर्षे ते निरनिराळ्या धर्मांचा विचार करत राहिले. शीख धर्माचा विचार त्यांनी केला, ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांचे अवलोकन केले, बौद्ध वाङ्मय मुळापासून वाचले. लक्ष्मी नरसू यांचा मद्रासहून निघालेला तो ग्रंथ १९४८ मध्ये पुन्हा छापला गेला, तेव्हा त्याला प्रस्तावना डॉ. आंबेडकरांनी लिहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्मांतर हा रागाच्या भरात घ्यावयाचा निर्णय नसून अभ्यासाअंती घ्यावयाचा निर्णय आहे, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.

राधाकृष्णन आणि आंबेडकर यांच्यातील मतभेद लपवण्याचे कारण नाही. ऑक्सफर्ड येथे १९२६ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत राधाकृष्णन यांनी हिंदू जीवनदृष्टीचे समर्थन केले. ही संस्कृती हजारो वर्षे टिकून राहिली आहे, यावर त्यांचा भर होता. जातिव्यवस्थेचीही त्यांनी बऱ्याच सौम्य शब्दांत मीमांसा केली. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात आंबेडकरांनी या युक्तिवादावर नेमके बोट ठेवले. एखादा समाज टिकला की नाही, हा खरा प्रश्न नाही; तो कोणत्या पातळीवर जगला, हा खरा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे आंबेडकरांची बाजू अधिक सबळ आहे. आपल्या धर्माचा अभ्यास करणारा माणूस त्यातील सर्वोच्च विचारांकडे पाहतो आणि त्यांनी सुखावतो. पण त्याच धर्माच्या सावलीत जे होरपळले, त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून तो अभ्यास पूर्ण होत नाही. उपनिषदांतील एकत्वाचा विचार वाचावा आणि त्याच वेळी पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या माणसाकडेही पाहावे. हे दोन्ही जो पाहतो, तोच खरा अभ्यासक.

यावरून धर्मांच्या अभ्यासाचे काही नियम सांगता येतात. पहिला नियम असा की, दुसऱ्याचा धर्म त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच ग्रंथांतून समजून घ्यावा. इस्लामविषयी जाणून घ्यायचे, तर ते इस्लामच्या विरोधकाकडून ऐकून भागत नाही. तसेच हिंदू धर्माविषयी, ख्रिस्ती धर्माविषयी आणि इतरांविषयीही म्हणता येते. आचार्य विनोबा भावे यांनी कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी भाषेचा अभ्यास केला आणि पुढे त्यातील निवडक वचनांचा संग्रह सिद्ध केला. ख्रिस्ती धर्माचे सार सांगणारा संग्रहही त्यांनी तयार केला. राधाकृष्णन यांचे शालेय शिक्षण ज्या वेल्लोर शहरात झाले, त्याच शहराच्या तुरुंगात विनोबा १९४० नंतरच्या काळात बंदी होते. तेथे त्यांनी दक्षिणेकडील भाषा शिकून घेतल्या. तुरुंगाच्या भिंतींआड बसून माणूस दुसऱ्यांच्या घरांची दारे कशी उघडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

दुसरा नियम न्यायाचा आहे. तुलना करताना आपल्या धर्मातील आदर्श आणि दुसऱ्याच्या धर्मातील वाईट वर्तन समोरासमोर ठेवू नये. आपल्या संतांची तुलना दुसऱ्यांच्या गुंडांशी केली, तर आपण नेहमीच जिंकतो. पण तो विजय खोटा असतो. आदर्शाची तुलना आदर्शाशी आणि आचरणाची आचरणाशी करावी.

तिसरा नियम असा की, 'सर्व धर्म सारखेच' असे म्हणून सुटका करून घेऊ नये. हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी ते बहुधा अभ्यास टाळण्यासाठी उच्चारले जाते. जैन आणि बौद्ध परंपरा जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. इस्लाममध्ये ईश्वराच्या एकत्वाला सर्वोच्च स्थान आहे आणि त्याची मूर्ती करणे त्याज्य आहे. ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी क्रूस आहे, माणसासाठी देवाने दुःख सोसले ही श्रद्धा आहे. हिंदूंच्या घरी एकाच देव्हाऱ्यात अनेक मूर्ती सुखाने नांदतात. हे भेद खरे आहेत आणि माणसांनी त्यांच्यासाठी आयुष्ये वेचली आहेत. भेद पुसून मिळवलेले ऐक्य पहिल्याच वादळात कोसळते. भेद जाणून घेऊनही शेजारी म्हणून एकत्र राहता येणे, हे खरे ऐक्य होय.

असा अभ्यास केला तर माणसाची श्रद्धा डळमळेल, अशी भीती अनेकांना वाटते. ही भीती निराधार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर काय प्रसंग ओढवला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पतीची वाट वेगळी झाली आणि चालता-बोलता संसार दुभंगला. पुढे लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला; पण तो पतीच्या आज्ञेवरून नव्हे, तर आपल्या मनाला पटल्यावर आणि आपल्या गतीने. मतपरिवर्तनाची किंमत अनेकदा विचार करणाऱ्याइतकीच त्याच्या घरच्या माणसांनाही मोजावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते. ती किंमत कमी करायची असेल, तर अभ्यास बंद करून चालणार नाही. घरातील मतभेद सोसण्याची शक्ती वाढवावी लागेल. महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके हेच सुचवले होते. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्या कुटुंबात पती बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होतो, पत्नी बायबल वाचून ख्रिस्ती होते, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्माचा स्वीकार करतो आणि तरीही सर्व जण एकमेकांवर प्रेम करत एकत्र राहतात. या कल्पनेतील मर्म असे की, प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग निवडतो. आणि कोणाच्याही निवडीमुळे घराचे दार कोणाला बंद होत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी घरे विरळाच दिसतात.

हे काम केवळ कुटुंबांवर सोपवून भागणार नाही. शिक्षणाचाही त्यात वाटा असायला हवा. भारताच्या संविधानाच्या कलम २८ नुसार, पूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे, कारण शासनाने कोणत्याही एका धर्माचा प्रचार करू नये. परंतु एखादा धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात श्रद्धा रुजवण्याचा हेतू असतो, दुसऱ्यात समज वाढवण्याचा. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या एका खटल्यात हा फरक मान्य केला. त्याआधी १९४८-४९ मध्ये विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष होते राधाकृष्णन. पदवीच्या पहिल्या वर्षी जगातील थोर धर्मसंस्थापकांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील निवडक उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मुख्य प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस त्या आयोगाने केली होती. मद्रासच्या वर्गात दुखावल्या गेलेल्या विद्यार्थ्याने चाळीस वर्षांनंतर पुढच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेला हा अभ्यासक्रम होता. आपल्या वाट्याला जे टीकेच्या रूपाने आले, ते त्यांना शिक्षणाच्या रूपाने मिळावे, असाच त्यामागील विचार दिसतो. ती शिफारस सर्वत्र अमलात आली नाही. मद्रास विद्यापीठाने मात्र वैष्णव, शैव सिद्धान्त, ख्रिस्ती, जैन आणि इस्लाम या परंपरांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग उभे केले. त्या शहराच्या स्वभावाला हे साजेसेच होते. २०११ च्या जनगणनेनुसार चेन्नईच्या लोकसंख्येत सुमारे ८१ टक्के हिंदू, साडेनऊ टक्के मुस्लिम, पावणेआठ टक्के ख्रिस्ती आणि एक टक्क्याहून थोडे अधिक जैन आहेत. मैलापूर भागात कपालीश्वराचे गोपुर आणि सांथोमचे चर्च एकमेकांपासून फार दूर नाहीत. अशा शहरात राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्याच्या धर्माविषयी काहीच ठाऊक नसणे, हा धर्मनिष्ठेचा पुरावा ठरत नाही. तो केवळ अनास्थेचा पुरावा ठरतो.

विद्यापीठांचे विभाग आणि आयोगांचे अहवाल सर्वांपर्यंत पोचत नाहीत, हे खरे आहे. शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागलेले, दिवसभर कष्ट करून रात्री पुस्तक उघडणारे असंख्य लोक या देशात आहेत. परंतु या अभ्यासासाठी महाविद्यालयाची पायरी चढलेलीच असावी, असे नाही. राधाकृष्णन यांची सुरुवात दुसऱ्याने दिलेल्या जुन्या पुस्तकांनी झाली. आंबेडकरांच्या हाती पडले ते एका शिक्षकाने भेट दिलेले मराठी चरित्र होते. अयोतीदास यांनी आपल्याच मातृभाषेतील जुने वाङ्मय नव्या नजरेने वाचले. प्रौढ वयात शिकणाऱ्या माणसाजवळ तर एक जादा भांडवल असते, ते म्हणजे अनुभव. कारखान्यात, बाजारात, इस्पितळात, चाळीत त्याने निरनिराळ्या धर्मांच्या माणसांबरोबर दिवस काढलेले असतात. रमजानचा उपवास धरून उन्हात काम करणारा सोबती त्याने पाहिलेला असतो. नाताळच्या आदल्या रात्री दाराशी कंदील लावणारे शेजारीही त्याच्या ओळखीचे असतात. विहारात पंचशील म्हणणारे कुटुंब आणि वारीची तयारी करणारे कुटुंब एकाच जिन्याने वर-खाली करत असते. या ओळखीला प्रश्नाची आणि वाचनाची जोड मिळाली की, अभ्यास सुरू होतो. 'तुम्ही हे का करता?' हाच प्रश्न हिणवण्यासाठी विचारला तर भांडण होते. जाणून घेण्यासाठी विचारला तर मैत्री होते. शब्द तेच असतात, फरक विचारणाऱ्याच्या मनात असतो.

धर्मावरून होणाऱ्या दंगलींत अफवा सर्वांत आधी धावते. 'ते लोक असे असतात' हे वाक्य ज्याला पटते, त्याने 'त्या लोकां'पैकी एकाचाही ग्रंथ उघडलेला नसतो आणि अनेकदा त्यांच्या घरी पाणीही प्यालेले नसते. अफवेला कायद्याने आळा घालता येतो, पण तिच्यावर विश्वास ठेवणारे मन कायद्याने बदलत नाही. ते ज्ञानाने बदलते. म्हणून धर्मांचा अभ्यास हा विद्वानांचा विरंगुळा नसून नागरिकांची गरज आहे.

या अभ्यासातून कोण कोणत्या निष्कर्षाला पोचेल, हे आधी सांगता येत नाही. राधाकृष्णन आपल्या परंपरेतच राहिले, आंबेडकर आपली परंपरा सोडून गेले, लक्ष्मीबाईंनी आपला मार्ग सावकाश ठरवला आणि हॉग आपल्या धर्मात राहूनही दुसऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखू शकले. यांपैकी एकाचेच उत्तर बरोबर आणि बाकीच्यांची चूक, असे म्हणण्याचे कारण नाही. त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जन्माने मिळालेली गोष्ट त्यांनी न पाहता धरून ठेवली नाही आणि न पाहता टाकूनही दिली नाही. धर्म सोबत ठेवणारा आणि धर्म बदलणारा, दोघेही आदरास पात्र ठरतात ते या पाहण्यामुळे. ज्याने आपला धर्म असा पारखून घेतला आहे, त्याला दुसऱ्याच्या प्रश्नाची भीती वाटत नाही. आणि ज्याला प्रश्नाची भीती वाटत नाही, त्याच्या हातात दगडही येत नाही.